एदलाबादच्या आमदार प्रतिभाताई: तेवीस वर्षांची विधानसभेतील कारकीर्द कशी मांडावी?

प्रश्न: पूर्णाकाठ (मुक्ताईनगर तालुका)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाने तालुक्याच्या आमदारांवर एक छोटी पुस्तिका काढण्याचे ठरवले असून प्रतिभाताई पाटील यांच्यावरील प्रकरण लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. गेले दोन महिने जे हाती लागले ते वाचतो आहे, आणि वाचता वाचता जी अडचण जाणवू लागली ती आपल्यापुढे मांडतो.

ताईंविषयी जे लिहिले गेले आहे त्यातील बहुतेक लेखन २५ जुलै २००७ या दिवशी, म्हणजे त्यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली त्या दिवशी उभे राहून मागे पाहते. त्यामुळे आमदारकी दोन-तीन ओळींत आटोपते: तरुण वयात निवडून आल्या, निरनिराळी खाती सांभाळली, पुढे राज्यसभेत गेल्या. पण आमच्या तालुक्याला त्या राष्ट्रपती होण्याच्या कितीतरी आधी आमदार म्हणून ठाऊक होत्या. माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा मतपत्रिकेवर शिक्का मारला तेव्हा त्या मतपत्रिकेवर ताईंचे नाव होते, आणि तालुक्याचे नाव तेव्हा मुक्ताईनगर नव्हते, एदलाबाद होते. ज्या प्रतिनिधीला या मातीने पुनःपुन्हा मुंबईला पाठवले, त्या प्रतिनिधीची विधानसभेतील वर्षे आमच्याच पुस्तिकेत दोन ओळींत उरकली जावीत, हे मला मान्य नाही.

पहिली शंका साधी आहे. गावात कोणालाही विचारले तर ‘ताई एदलाबादहून पाच वेळा निवडून आल्या’ असे सांगतात, परंतु छापील परिचयांत १९६२ च्या निवडणुकीपुढे जळगावचे नाव दिसते. नेमका हिशेब काय धरावा? दुसरी शंका अधिक मोठी आहे. काँग्रेसच्या भरभराटीच्या काळात काँग्रेसचा उमेदवार निवडून येणे समजू शकते, पण १९७८ मध्ये काँग्रेसच दुभंगली होती आणि राज्यभर जनता पक्षाचा जोर होता. त्या निवडणुकीतही ताई निवडून आल्या, ते कशामुळे? पक्षामुळे, घराण्यामुळे, कामामुळे, की विरोधक विखुरलेले होते म्हणून? तिसरी शंका अशी, की त्यांनी उभ्या केलेल्या संस्था आणि त्यांची आमदारकी यांची सरमिसळ आमच्याकडे फार होते. त्या दोन गोष्टी एकाच प्रकरणात घ्याव्यात, की वेगळ्या ठेवाव्यात?

जाणकारांनी सवडीने लिहावे. मला घाई नाही. पुस्तिका चुकीची निघण्यापेक्षा उशिरा निघालेली बरी.

उत्तर: निवृत्त ग्रंथपाल (जळगाव)

आपला प्रश्न वाचून समाधान वाटले. आमदाराचे चरित्र लिहिताना मतदारसंघ आणि सभागृह या दोन जागा सोडून भलतीकडेच लक्ष जाते, हा माझाही अनुभव आहे.

आधी हिशेब स्पष्ट करतो. १९६२ ची निवडणूक त्यांनी जळगाव मतदारसंघातून जिंकली. १९ डिसेंबर १९३४ हा त्यांचा जन्मदिनांक आणि नाडगाव हे जन्मगाव, म्हणजे आमदार झाल्या तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. विधानसभेच्या उमेदवारीसाठी राज्यघटनेने पंचवीस वर्षे पूर्ण असण्याची अट घातली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ते वय किती लहान होते हे कळते. त्यानंतर १९६७, १९७२, १९७८ आणि १९८० अशा चार निवडणुका त्या एदलाबादहून लढल्या आणि चारही जिंकल्या. एकूण विजय पाच, त्यातले एदलाबादचे चार. सभागृहातली वर्षे १९६२ ते १९८५, म्हणजे तेवीस. त्यातली एदलाबादची अठरा. आपल्या गावची आठवण चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, तिने जळगावचा एक विजय आपल्या पदरात घातला आहे एवढेच.

आता एक बारकावा, जो पुस्तिकेत अवश्य यावा असे मला वाटते. चार कारकिर्दींची अठरा वर्षे म्हणजे सरासरी साडेचार वर्षांची एक, असा सरळ भागाकार केला तर त्या काळाची सगळी खळबळ झाकली जाते. १९७२ मध्ये निवडून आलेली विधानसभा आणीबाणीतल्या घटनादुरुस्तीमुळे पाच वर्षांवर न थांबता १९७८ पर्यंत चालली. उलट १९७८ ची विधानसभा दोन वर्षेही पुरी न करता फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाली आणि राज्यात राष्ट्रपती राजवट आली. एका कारकिर्दीत जवळजवळ सहा वर्षे आणि पुढच्या कारकिर्दीत दोन वर्षांच्या आत पुन्हा मतदारांच्या दारात, अशी ती वर्षे होती. ज्या आमदाराने ही दोन्ही टोके पाहिली आणि दोन्ही वेळा जागा राखली, त्याच्या मतदारसंघाशी असलेल्या नात्याचा विचार या अंगाने व्हायला हवा.

मतदारसंघांचे नकाशेही याच काळात बदलत होते. १९६२ ची निवडणूक ही महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली. त्याआधीच्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत काही मतदारसंघ द्विसदस्य असत आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे; मतदार आपली चिठ्ठी त्या उमेदवाराच्या पेटीत टाकी. १९६२ पासून सर्व मतदारसंघ एकसदस्य झाले आणि एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली. त्या विधानसभेत २६४ जागा होत्या, १९६७ मध्ये २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८ आहेत. म्हणून ‘एदलाबाद’ हे नाव चारही निवडणुकांत तेच असले तरी त्याच्या सीमा तशाच होत्या असे गृहीत धरून मतांची तुलना करू नये. सीमा तपासल्याशिवाय मताधिक्याचे तक्ते छापणाऱ्या पुस्तिका मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि त्यांतून गैरसमजच वाढतात.

मंत्रिपदांचा क्रम असा मांडता येईल. १९६७ ते १९७२ या काळात वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात त्या उपमंत्री होत्या आणि सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण, संसदीय कामकाज असे विषय त्यांच्याकडे होते. १९७२ मध्ये त्या कॅबिनेट मंत्री झाल्या. समाजकल्याण, नंतर त्याच्या जोडीला सार्वजनिक आरोग्य, पुढे दारूबंदी, पुनर्वसन आणि सांस्कृतिक कार्य, आणि १९७७-७८ मध्ये शिक्षण. १९८० ते १९८२ या काळात त्यांच्या नावापुढे खाते दिसत नाही, आणि १९८२ पासून नगरविकास व गृहनिर्माण, त्यानंतर नागरी पुरवठा व समाजकल्याण ही खाती दिसतात. वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील, बाबासाहेब भोसले आणि पुन्हा वसंतदादा, असे मुख्यमंत्री बदलत गेले तरी त्यांचे स्थान राहिले. समाजकल्याण हे खाते त्यांच्याकडे दोन वेगवेगळ्या टप्प्यांत आले, याकडेही आपण लक्ष द्यावे.

शोध घेताना एक काळजी घ्या. त्यांचा विवाह जुलै १९६५ मध्ये देवीसिंह शेखावत यांच्याशी झाला, त्यामुळे जुन्या कागदांत माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही आडनावे शोधावी लागतात. निवडणूक आयोगाने प्रत्येक निवडणुकीचे सांख्यिकी अहवाल प्रसिद्ध केलेले आहेत; उमेदवार, पक्ष आणि मते यांसाठी त्यांच्यावरच विसंबावे. सभागृहातील भाषणांसाठी मात्र विधानसभेच्या कार्यवाहीचे खंड चाळण्याला पर्याय नाही. ते काम चिकाटीचे आहे, पण तेवीस वर्षांच्या आमदारकीबद्दल लिहायचे आणि तिचा एकही प्रश्न, एकही भाषण उद्धृत करायचे नाही, हे आपल्यालाही रुचणार नाही.

उत्तर: बोदवडची लेक (सध्या पुणे)

माझ्याकडे कागद नाहीत, आठवण आहे, आणि तीही माझी नव्हे, आईची. तरी लिहिते, कारण वरील सविस्तर उत्तरात आमच्यासारख्या घरांतल्या बायका कुठे दिसल्या नाहीत.

माझे माहेर बोदवडजवळचे. आई सांगे, की पूर्वी प्रचाराची जीपगाडी गावात आली म्हणजे पुरुष पारावर जमत आणि बायका दाराआडून ऐकत. उमेदवारच बाई आहे म्हटल्यावर मात्र बायका ओट्यावर येऊन बसू लागल्या, कोणी बोलावल्याशिवाय. आईचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते. तिच्या लेखी आमदार म्हणजे फेटा आणि मिशा; ती आकृती बदलून डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई त्या जागी आली, ही गोष्ट तिने आम्हा बहिणींना इतक्या वेळा सांगितली, की मुलींना पुढे शिकवायचे की नाही याचा वाद घरात निघाला तेव्हाही तिने तेच उदाहरण पुढे केले. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेली, टेबल टेनिस खेळणारी, पुढे मुंबईला जाऊन कायद्याची पदवी घेतलेली मुलगी आपल्याच भागातली आहे, हे तिला ठाऊक होते. मी बारावीनंतर त्याच महाविद्यालयात गेले, त्यामागे तो वाद आणि ते उदाहरण होते.

आपण विचारले आहे, पक्षामुळे की कामामुळे. आईला हा प्रश्न विचारला असता तर तिने काय उत्तर दिले असते हे मी सांगू शकत नाही. पण बायकांची मते घरच्या कर्त्या पुरुषाच्या सांगण्यावरून पडतात असे त्या काळी सर्रास धरले जाई, आणि आमच्या घरात तरी तसे झाले नाही. पुस्तिकेसाठी आपण तालुक्यातल्या ऐंशीच्या घरातल्या आजीबाईंना भेटावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. कागद वाचनालयात आणखी वीस वर्षांनीही मिळतील, त्या मिळणार नाहीत.

उत्तर: राज्यशास्त्राचा शिक्षक (धुळे)

ग्रंथपाल महोदयांनी दिलेला क्रम उपयुक्त आहे, परंतु १९७८ चा मुद्दा त्यांनी ओझरता ठेवला आणि माझ्या मते संपूर्ण कारकिर्दीचा गाभा तिथेच आहे.

त्या निवडणुकीपूर्वीचा काळ पाहा. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसला केवळ २० मिळाल्या होत्या, आणि एकेकाळी विधानसभेत २२२ जागा मिळवणाऱ्या पक्षाला तो मोठा धक्का होता. जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस दुभंगली. फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. कोणालाच बहुमत नव्हते. दोन्ही काँग्रेसनी एकत्र येऊन वसंतदादा पाटील यांचे सरकार बनवले, ते जुलैत कोसळले आणि १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे ‘पुलोद’चे, मुख्यमंत्री झाले. पक्षांतरबंदीचा कायदा तेव्हा नव्हता. तो १९८५ मध्ये आला. आमदाराने कोणत्या बाजूला उभे राहायचे हे त्याच्या विवेकावर आणि हिशेबावर अवलंबून होते, आणि सत्तेच्या बाजूला जाण्याचा मार्ग कोणालाही मोकळा होता.

या परिस्थितीत प्रतिभाताई विरोधी बाकांवर बसल्या आणि जुलै १९७९ ते फेब्रुवारी १९८० या काळात विधानसभेतील विरोधी पक्षनेत्या होत्या. त्यांच्या आधी त्याच पदावर प्रभा राव होत्या, म्हणजे लागोपाठ दोन महिलांनी त्या सभागृहात विरोधी पक्षाचे नेतृत्व केले. ताईंच्या परिचयांत त्यांची मंत्रिपदे क्रमवार येतात आणि हे पद मात्र कोठेतरी कोपऱ्यात सापडते, याचे मला नेहमी वाईट वाटते. अकरा वर्षे सरकारच्या बाजूने उत्तरे देणाऱ्या व्यक्तीने एकाएकी समोरच्या बाकावर बसून सरकारला प्रश्न विचारायचे, आणि तेही आपलेच कालचे सहकारी मंत्री असताना, ही भूमिका उपमंत्रिपदापेक्षा निश्चितच अवघड होती. कार्यवाहीचे खंड चाळायला वेळ कमी असेल तर आपण या सात-आठ महिन्यांचेच चाळा. आमदार म्हणून त्यांची खरी कसोटी तिथे दिसेल.

जागा का टिकली, याबद्दल मी सावधपणे माझे मत सांगतो. आपल्या पूर्व खानदेशात लेवा पाटीदार, मराठा, गुजर या समाजांची संख्या मोठी आहे; ताईंचा राजपूत समाज त्या मानाने लहान. मग केवळ जातीच्या बेरजेने ही जागा अठरा वर्षे राहणे शक्य नव्हते, आणि केवळ पक्षाच्या लाटेने म्हणावे तर १९७८ आडवे येते. उरते ते पक्षाचे गावोगावचे जाळे आणि उमेदवाराची स्वतःची ओळख यांचे मिश्रण, आणि त्यात कशाचा वाटा किती, हे आयोगाच्या अहवालातून कळत नाही. त्यात उमेदवार आणि मते असतात, मतदाराचे कारण नसते. म्हणून बोदवडच्या ताईंची सूचना मला मोलाची वाटते. आपल्या प्रकरणात ‘लोकप्रियतेमुळे’ असा एक शब्द टाकून मोकळे होऊ नका. त्या शब्दाने काहीच सांगितले जात नाही.

आणि एक गोष्ट आपल्या पुस्तिकेच्या कामाची. एदलाबाद-मुक्ताईनगर या एकाच मतदारसंघाने महाराष्ट्र विधानसभेला दोन विरोधी पक्षनेते दिले: १९७९-८० मध्ये काँग्रेसच्या प्रतिभाताई, आणि २००९ ते २०१४ या काळात भारतीय जनता पक्षाचे एकनाथ खडसे. पक्ष परस्परविरोधी, काळात तीस वर्षांचे अंतर, आणि मतदारसंघ एक. खानदेशाला आजवर मुख्यमंत्रिपद मिळालेले नाही, ही आपल्याकडची जुनी सल आहे, पण सरकारला जाब विचारण्याची सर्वोच्च जागा तापी-पूर्णेच्या संगमाजवळच्या या एका तालुक्याने दोनदा भूषवली, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. आपण सांगा.

प्रश्नकर्ता: पूर्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दोन विरोधी पक्षनेत्यांचा मुद्दा मी येथे राहूनही कधी असा जोडून पाहिला नव्हता. १९७२ ची सहा वर्षे आणि १९७८ ची दोन वर्षे, हेही माझ्या टिपणांत वेगवेगळ्या पानांवर पडून होते. ग्रंथपालसाहेब, आपल्या सूचनेप्रमाणे दोन्ही आडनावांनी शोध सुरू करतो.

नाथाभाऊंचे, म्हणजे एकनाथ खडसे यांचे, नाव निघाले आहे म्हणून विचारतो. पुस्तिकेतील दुसरे प्रकरण त्यांच्यावर आहे आणि ते दुसरे गृहस्थ लिहीत आहेत. दोन्ही प्रकरणांना जोडणारी एखादी प्रस्तावना असावी असे वाटते, पण त्यात आजच्या राजकारणाचा वास येऊ नये अशी मंडळाची इच्छा आहे.

उत्तर: हतनूरचा शेजारी (भुसावळ)

आजच्या राजकारणाचा वास नको असेल तर तारखा आणि निकाल लिहावेत आणि थांबावे. ते पुरेसे बोलके आहेत. खडसे यांनी १९९० ते २०१४ या काळात सहा वेळा ही जागा जिंकली. १९९५ च्या युती सरकारात ते मंत्री होते, पुढे विरोधी पक्षनेते झाले, २०१४ मध्ये महसूलमंत्री झाले आणि जून २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. २०१९ मध्ये पक्षाने उमेदवारी त्यांच्याऐवजी त्यांच्या कन्या रोहिणी खडसे यांना दिली आणि अपक्ष उमेदवार चंद्रकांत पाटील दोन हजारांहून कमी मतांनी विजयी झाले. २०२४ मध्ये चंद्रकांत पाटील शिवसेनेकडून पुन्हा निवडून आले; रोहिणीताई तेव्हा राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाकडून उभ्या होत्या. खडसे स्वतः २०२० मध्ये राष्ट्रवादीत गेले आणि २०२२ मध्ये विधान परिषदेवर निवडून आले.

यावरून मला जे दिसते ते असे. या मतदारसंघाने एकदा माणूस धरला की बराच काळ धरून ठेवला: प्रथम अठरा वर्षे, नंतर जवळजवळ तीस वर्षे. पण तो धरलेला हात वारसाकडे आपोआप गेला नाही. प्रतिभाताईंच्या बाबतीत तर तसा प्रश्नच उभा राहिला नाही. त्या १९८५ मध्ये राज्यसभेवर गेल्या, तिथे उपसभापती झाल्या, १९९१ मध्ये लोकसभेवर निवडून आल्या त्याही अमरावतीहून. त्यांचे सासर आणि पुढचे राजकारण दोन्ही वऱ्हाडात होते. मुक्ताईनगरशी त्यांचे निवडणुकीचे नाते १९८५ मध्ये संपले ते संपलेच.

नावाबद्दलही लक्ष असू द्यावे. आपण सगळीकडे ‘मुक्ताईनगर’ लिहाल तर जुने अहवाल पाहणारा वाचक गोंधळेल. विधानसभा मतदारसंघ म्हणून हे नाव पुनर्रचनेनंतर २००९ च्या निवडणुकीपासून आले आणि त्यात मुक्ताईनगर व बोदवड तालुक्यांबरोबर रावेर तालुक्याचा काही भाग आहे. ताईंच्या प्रकरणात ‘एदलाबाद’ हेच नाव ठेवावे. संत मुक्ताबाईंच्या नावाने तालुका ओळखला जातो याचा आम्हा सर्वांना आनंद आहे, पण इतिहास त्या काळच्या नावानेच लिहिला पाहिजे.

आणखी एक विषय आपण विसरू नये. हतनूर धरण १९८२ मध्ये, म्हणजे ताईंच्या शेवटच्या कारकिर्दीत, पूर्ण झाले आणि त्याचे पाणी आपल्या व रावेर तालुक्यांत मागे पसरले. माझ्या आजोबांची काळी जमीन त्यात गेली. मोबदल्याच्या कागदांसाठी त्यांनी एका कचेरीत किती खेटे घातले याचा हिशेब घरात कोणी ठेवला नाही. शेवटी कंटाळून ते बोलायचेच बंद झाले. यात मी कोणा आमदाराला दोष देत नाही. पण धरणासारख्या मोठ्या कामाच्या वेळी आमदार सभागृहात काय बोलला आणि गावात काय बोलला, हे पाहणे तुमच्या प्रकरणाचे कर्तव्य आहे. पुनर्वसन हे खाते काही काळ त्यांच्याच मंत्रिपदात होते, हे वर आलेच आहे. ते वर्ष आणि धरणाच्या कामाची वर्षे शेजारी ठेवून पाहावीत.

उत्तर: निवृत्त ग्रंथपाल (जळगाव)

हतनूरच्या शेजाऱ्यांचे म्हणणे अगदी योग्य आहे. ते माझ्या यादीतून सुटले होते.

आपल्या तिसऱ्या शंकेचे उत्तर राहिले होते, ते देतो. संस्था आणि आमदारकी वेगळी ठेवावी, पण संस्था गाळू नयेत. १९६२ मध्ये त्यांनी जळगाव जिल्ह्यात महिला गृहरक्षक दल संघटित केले आणि त्या त्याच्या समादेशक होत्या. हे आमदारकीच्या पहिल्याच वर्षातले काम, ते मुख्य प्रकरणातच घ्यावे. श्रमसाधना ट्रस्ट, बांभोरीचे १९८३ मध्ये सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, संत मुक्ताबाईंच्या नावाचा सहकारी साखर कारखाना, जळगावची प्रतिभा महिला सहकारी बँक, यांसाठी स्वतंत्र टिपण करावे. त्यात बऱ्या गोष्टींबरोबर अप्रिय गोष्टीही आल्या पाहिजेत. रिझर्व्ह बँकेने त्या बँकेचा परवाना २००३ मध्ये रद्द केला आणि २००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत विरोधकांनी तो विषय देशभर नेला. खेड्यातल्या ठेवीदाराला ते ठाऊक आहे. आपण लिहिले नाही तर पुस्तिकेतल्या बाकीच्या मजकुरावरही तो विश्वास ठेवणार नाही. मात्र ते आमदारकीच्या हिशेबात मिसळू नये, कारण ताई विधानसभेतून बाहेर पडून तोवर अठरा वर्षे झाली होती.

राष्ट्रपतिपदाला किती जागा द्यावी, हे आपण विचारलेले नाही, पण सुचवतो: अर्धे पान. भैरोसिंह शेखावत यांच्याविरुद्ध त्यांना ६,३८,११६ मतमूल्य मिळाले आणि शेखावत यांना ३,३१,३०६, एवढी नोंद करावी, आणि एक गोष्ट मुलांसाठी जोडावी. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ असते. एदलाबादच्या आमदार म्हणून जी खुर्ची त्यांनी अठरा वर्षे सांभाळली, २००७ मध्ये त्या खुर्चीवर बसलेल्या आमदारालाही तेच मूल्य होते, आणि त्या निवडणुकीतल्या उमेदवार त्या स्वतः होत्या.

प्रश्नकर्ता: पूर्णाकाठ

अर्ध्या पानाची सूचना मंडळापुढे ठेवली आणि ती मान्य झाली. विरोधी पक्षनेतेपदाच्या काळातील कार्यवाही पाहण्यासाठी आमच्यातील दोघेजण पुढच्या महिन्यात मुंबईला जात आहेत. त्यांच्या यादीत हतनूर आणि पुनर्वसन हे दोन शब्द मी आज वाढवले. बोदवड, कुऱ्हा, अंतुर्ली आणि चांगदेव या भागांत १९६७ किंवा १९७२ मध्ये मतदान केलेल्या आजी-आजोबांची नावे कोणाला सुचत असतील तर ती येथे उघडपणे लिहू नयेत. वाचनालयात दिवेलागणीनंतर मी रोज असतो, तिथे येऊन सांगावीत. शक्य झाल्यास आपापल्या घरी जुनी हस्तपत्रके आहेत का, तेही पाहावे. फाटकी असली तरी चालतील, आम्ही छायाचित्र काढून परत करू.